दूरच्या दीर्घिका आणि मतभेदाची शिस्त



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने दीर्घिकांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आकाशाचे निरीक्षण हेही इतिहासाचेच वाचन आहे. प्रकाशाला वाट चालण्यास काळ लागतो. म्हणून जे फार दूरचे दिसते, ते फार जुने असते.

या वाचनात आपल्या परिसराचाही वाटा आहे. निपाणीपासून जवळच्याच कोल्हापुरात १९ जुलै १९३८ रोजी जयंत विष्णु नारळीकर यांचा जन्म झाला. केंब्रिजमधील त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांच्या मते विश्वाला आरंभ नव्हता. ते सर्वकाळ सारखेच होते. तसे असेल, तर दूरचे, म्हणजे प्राचीन, विश्वही आजच्यासारखेच दिसावयास हवे. मार्टिन राईल यांनी रेडिओस्रोतांची मोजदाद करून दूरचे, मंद स्रोत अपेक्षेहून अधिक असल्याचे दाखविले. त्यांच्या मते भूतकाळ निराळा होता. फेब्रुवारी १९६१ मध्ये रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत गुरूची बाजू मांडण्याची जबाबदारी २२ वर्षांच्या नारळीकरांवर आली.

१९६५ मध्ये विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर झाला आणि बहुसंख्य शास्त्रज्ञांनी महास्फोटाचा सिद्धांत स्वीकारला. नारळीकरांनी तो स्वीकारला नाही. १९९३ मध्ये हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी आपल्या सिद्धांताला नवे रूप दिले. मात्र १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘आयुका’चे ते संस्थापक-संचालक असताना, तेथेच थाणू पद्मनाभन यांच्यासारखे सहकारी महास्फोटाच्या चौकटीत संशोधन करीत होते. मला हा औदार्याचा धडा फार मोलाचा वाटतो.

२५ डिसेंबर २०२१ रोजी ‘जेम्स वेब’ दुर्बीण अवकाशात गेली. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते. त्याच्या पहिल्या ३० कोटी वर्षांतीलही दीर्घिका या दुर्बिणीला दिसल्या, आणि त्या अपेक्षेहून कितीतरी तेजस्वी निघाल्या. महास्फोटाचा सिद्धांत कोसळला, अशी हाकाटी काहींनी केली. ती घाईची होती. त्या दीर्घिका लहान व तरुण आहेत. भूतकाळ निराळा होता याचीच त्या साक्ष देतात. तथापि तारे इतक्या लवकर कसे घडले, याचे गणित नव्याने मांडावे लागत आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी ‘वेब’च्या निरीक्षणांतून शोधलेली एक दीर्घिका जाहीर झाली. विश्व अवघे १५० कोटी वर्षांचे असताना तिला दोन रेखीव सर्पिल भुजा होत्या. अशी घडण व्हावयास बराच अधिक काळ लागतो, असा समज होता. तिचे नाव त्यांनी ‘अलकनंदा’ ठेवले. हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात, आणि हिमालयात अलकनंदा ही मंदाकिनीची भगिनी. नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले. हा शोध जाहीर झालेला त्यांना पाहता आला नाही.

बेळगाव-निपाणीच्या या मुलखाला १९५६ पासून मतभेद नवे नाहीत. म्हणून येथील विद्यार्थ्यांना मी इतकेच सुचवितो, की एकटे पडलात तरी आपले मत सांगा. पण ते कोणत्या पुराव्याने खोटे ठरेल, हेही सांगा. आणि हे सारे मराठीतून सांगता येते. नारळीकरांनी ते आयुष्यभर केले.