उदगीर ते जळकोट, रातव्याच्या वाटेनं

चढा गाडीत! साल १९३२. उन्हाळ्यातली रात्र आहे आणि उदगीरचा बाजार करून तुम्ही बैलगाडीनं जळकोटला निघाला आहात. बाजाराचा गलका अजून कानांतून गेलेला नाही: मराठी, उर्दू, कानडी, तेलुगूतली घासाघीस, निजामाचा हाली रुपया वाजवून पारखतानाचा खणखणाट. बुडाखाली कडबा टोचतोय. बैलांचा घाम, चाकाचं वंगण आणि कंदिलाचा घासलेटी धूर नाकात भरलाय. अंधार पडून किती वेळ झाला, तरी माळ अजून आच फेकतोय.

गाडीवान कासरा ओढतो. "पाव्हणं, गप ऱ्हावा. ऐका."

टुक्... टुक्... टुक्-टुक्-टुक्र्र्र! फरशीवर सोडलेली गोटी उड्या मारत थांबावी, तसा आवाज. हा आपला नेहमीचा रातवा पक्षी. सगळ्या रातव्यांची पिसं वाळक्या पाल्याच्या आणि मातीच्या रंगाची. दिवसा पायाशी बसला असला तरी दिसायचा नाही. म्हणून आधी कान. झाडीतून एकसारखं "चकू-चकू-चकू" बराच वेळ चाललं, तर तो जंगली रातवा. उघड्या, खडकाळ माळावरून तीक्ष्ण "स्वीप्" आला, तर तो त्यांचा तिसरा भाऊबंद.

आता समोर बघा. चाकोरीतल्या कोमट फुफाट्यात, कंदिलाच्या उजेडात दोन तांबडे डोळे चमकले. बैलाचा खूर अगदी जवळ येईपर्यंत रातवा हलत नाही. मग पंखांचा आवाजही न करता उठतो आणि पंखाच्या टोकाजवळचा पांढरा ठिपका झळकतो. चोच एवढीशी, पण जबडा उघडला की केवढा! कडेला राठ केस. उजेडाभोवती भिरभिरणारा पतंग तो उडता उडताच गिळतो.

पाय मोकळे करायला उतरताय? थांबा! त्याची दोन अंडी उघड्या जमिनीवरच असतात, काडीचंही घरटं नसतं. गाडीवान म्हणूनच चाकोरी सोडत नाही.

पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली सध्या निजामाच्या मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी करताहेत. त्यांच्या कामाला वही लागते, नमुन्यांसाठी बंदूक लागते. तुमच्या गाडीवानाला ही वाटच शिकवत आलीय, दर उन्हाळ्याच्या रात्री. त्याच्याशेजारी सरकून बसा, बोलणं आवरा. पुढचा आवाज आला की कोण ते तुम्ही सांगायचं!