सर्व्हरची किल्ली कुणाकडे?

व्हर्च्युअल सर्व्हर भाड्याने घेतलात की तुमच्या हातात काय पडतं? एक आयपी पत्ता, रूटचा पासवर्ड आणि काळी स्क्रीन. माझ्या प्रयोगाची मोजमापं इतरांनाही पाहता यावीत म्हणून मी गेल्या महिन्यात असाच एक सर्व्हर घेतला. वेब सर्व्हर, डेटाबेस, ईमेल असं एकेक बसवण्यात दोन संध्याकाळी गेल्या. मग लॅबमधला मित्र म्हणाला, "अगं, पॅनेल टाक की सरळ. एका ओळीचं काम आहे."

खरंच एका ओळीचं होतं. इंटरनेटवरून एक स्क्रिप्ट उतरवायची आणि ती रूट म्हणून चालवायची, बस. पण एंटर दाबायच्या आधी हात थबकला. या पॅनेलला माझ्या अख्ख्या मशीनचा ताबा कशाला हवा? उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं.

१९९६ च्या सुमाराला सर्व्हर म्हणजे एक खरंखुरं, महागडं यंत्र असे. होस्टिंगवाले एकाच यंत्रावर अनेक ग्राहकांच्या साइट्स ठेवत. ब्राउझर विनंतीबरोबर साइटचं नावही पाठवू लागले तेव्हा एकाच आयपी पत्त्यावर कितीतरी साइट्स राहू लागल्या; चाळीचा पत्ता एकच, खोली क्रमांक वेगळा, तसं. १९९७ च्या एचटीटीपी १.१ मध्ये हे नाव पाठवणं सक्तीचंच झालं.

भाडेकरू वाढले तशा तक्रारीही वाढल्या. कुणाला नवं ईमेल खातं हवं, कुणी पासवर्ड विसरलेलं. प्रत्येक वेळी होस्टिंगवाल्याने रूट म्हणून शिरायचं आणि फाइल बदलायची. ग्राहकाला रूट द्यायची सोय नव्हती, कारण त्या किल्लीने शेजाऱ्याची खोलीही उघडते.

यावरचा तोडगा म्हणजे कंट्रोल पॅनेल. जे. निक कोस्टन यांनी १९९६ मध्ये एका होस्टिंग कंपनीसाठी सीपॅनेल लिहिलं. पुढे त्याला दोन दारं झाली: ग्राहकासाठी सीपॅनेल आणि यंत्राच्या मालकासाठी डब्ल्यूएचएम. १९९७ मध्ये जेमी कॅमेरॉन यांचं वेबमिन आलं. त्यात आख्खी युनिक्स यंत्रणाच ब्राउझरमधून सांभाळता येत होती.

युक्ती साधी आहे. पॅनेल स्वतः रूटच्या अधिकाराने चालतं आणि ग्राहकाच्या वतीने ठरावीक कामं करून देतं. सोसायटीच्या वॉचमनकडे सगळ्या किल्ल्या असाव्यात आणि त्याने तुम्हाला फक्त तुमचंच दार उघडून द्यावं, तसं. म्हणूनच त्याला सगळं हवं असतं. वेब सर्व्हर, ईमेल, डेटाबेस आणि बहुतेकदा डीएनएससुद्धा तेच चालवतं. सीपॅनेल तर कोऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच बसवावं लागतं, आणि काढून टाकायचं झालं तर सर्व्हर नव्याने फॉरमॅट करण्यावाचून गत्यंतर नसतं.

मग यंत्रच बदललं. एका संगणकाचे अनेक आभासी संगणक करायची कल्पना तशी जुनी. आयबीएमचं व्हीएम/३७० हे १९७२ चं. पण स्वस्त यंत्रांवर ती यायला वेळ लागला. २००० मध्ये फ्रीबीएसडी ४.० मध्ये 'जेल' आलं, तेही एका होस्टिंगवाल्याच्या गरजेतून. २००३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी झेनवरचा निबंध मांडला. २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात दाखल झालं.

आता प्रत्येकाला स्वतंत्र घर आणि स्वतःचं रूट मिळू लागलं. मग वॉचमनची गरज संपली का? नाही, उलट वाढली. कारण आता रूट माझ्यासारखीच्या हातात आलं, जिला ईमेल सर्व्हर कसा बसवतात ते धड माहीत नाही. चाळीसाठी नेमलेला वॉचमन आम्ही एका खोलीच्या घरात आणून बसवला.

त्याची किंमत २०१८ मध्ये दिसली. व्हेस्टासीपी हे मोफत पॅनेल तेव्हा बरंच वापरात होतं. त्याच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्येच कुणीतरी बदल केल्याचं उघड झालं. सर्व्हरचा पत्ता आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड गुपचूप बाहेर जात होता. मग त्याच पासवर्डने शिरून काही सर्व्हरवर हल्ल्यांसाठीचा मालवेअर बसवला गेला. म्हणजे लोकांनी सूचना अगदी जशाच्या तशा पाळल्या होत्या, आणि फसले ते त्यामुळेच.

ताबा दुसऱ्याकडे असला की पैशाचंही तसंच. २०१९ मध्ये सीपॅनेलने सर्व्हरमागे दर घ्यायचं सोडून खात्यांच्या संख्येवर दर लावायचं जाहीर केलं. शेकडो खाती ठेवणाऱ्या होस्टिंगवाल्यांचं गणितच कोलमडलं. आणि सोडून जाणं किती अवघड, ते वर सांगितलंच आहे.

मी काय केलं? पॅनेल टाकलं. पण स्क्रिप्ट आधी उतरवून वाचली. सगळी कळली नाही, तरी कोणत्या फाइल्स बदलणार ते समजलं. कोऱ्या सर्व्हरचा स्नॅपशॉट घेतला. पॅनेलचा पोर्ट जगाला बंद करून फक्त एसएसएचच्या बोगद्यातून उघडा ठेवला. मोजमापांची मूळ प्रत त्या सर्व्हरवर ठेवलीच नाही. तीन वर्षांचं काम आहे ते.

तुम्हीही पॅनेल टाकणार असाल तर खुशाल टाका, त्याने वेळ खरंच वाचतो. फक्त त्या एका ओळीवर एंटर दाबताना आपण कुणाला किल्ली देतोय, हे ठाऊक असू द्या.