टिकलीचा कायदा

न्यू जर्सी राज्याच्या फौजदारी संहितेत २सी:१६-१ या क्रमांकाचं एक कलम आहे. ‘बायस इंटिमिडेशन’ हे त्याचं नाव. एखाद्याचा वंश, रंग, धर्म, लिंग, अपंगत्व, लैंगिक कल किंवा मूळ देश बघून त्याला धाक बसावा म्हणून गुन्हा केला, तर मूळ गुन्ह्याच्या शिक्षेवर आणखी शिक्षा, असा त्याचा मथितार्थ. द्वेषापोटी घातलेली दहशत, असं मराठीत म्हणता येईल. वेस्ट विंडसरच्या मराठी घरांत हे कलम कुणाला पाठ असण्याचं कारण नाही. पण या कलमाचं कूळ शोधत मागे गेलं, की जी वस्तू हाती लागते ती याच घरांतल्या बाथरूमच्या आरशाला आजही चिकटलेली असते. ती वस्तू म्हणजे टिकली.

वेस्ट विंडसर हे मर्सर काउंटीतलं साडेएकोणतीस हजार वस्तीचं गाव. प्रिन्स्टन जंक्शन स्टेशन याच गावच्या हद्दीत येतं. सकाळच्या गाडीने न्यूयॉर्कला जाणाऱ्यांमध्ये भारतीय चेहरे इतके, की कुणाला त्याचं नवल राहिलेलं नाही. २०१७च्या नोव्हेंबरात या गावाने हेमंत मराठे यांना महापौर म्हणून निवडून दिलं. इथल्या नगर-निवडणुकीत मतपत्रिकेवर पक्षाचं नाव छापत नाहीत, फक्त माणसाचं छापतात. ‘मराठे’ हे आडनाव वाचून लोकांनी मत दिलं. त्याच्या बरोबर तीस वर्षं आधी, याच राज्यात, न्यूयॉर्कच्या याच वाटेच्या दुसऱ्या टोकाला, भारतीय आडनावं वेगळ्याच कामासाठी वाचली जात होती.

ते टोक म्हणजे जर्सी सिटी. १९६५च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेची दारं आशियातल्या लोकांना उघडली आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत भारतीय कुटुंबं तिथे येऊन राहू लागली. घरभाडं परवडणारं, पाथ या लोकल रेल्वेची गाडी पकडली की थोड्याच वेळात मॅनहॅटन. नेवार्क अ‍ॅव्हेन्यूवर किराणा, साड्या आणि मिठाईची दुकानं उभी राहिली. रस्त्याने जाणाऱ्या बाईच्या कपाळावरचा ठिपका लांबूनही ओळखू येई. त्यावरून ‘डॉटहेड’ ही शिवी रुळली. १९८४ साली ‘घोस्टबस्टर्स’ नावाचा सिनेमा गाजला होता. भुतं पकडणाऱ्यांच्या त्या नावावरून काही तरुणांनी स्वतःसाठी नाव बेतलं: ‘डॉटबस्टर्स’. सिनेमातले लोक भुतांचा बंदोबस्त करत, हे टिकलीवाल्यांचा करणार होते.

१९८७च्या उन्हाळ्यात ‘जर्सी जर्नल’ या स्थानिक दैनिकात त्यांचं पत्र छापून आलं. भारतीयांना शहरातून हुसकून लावण्यासाठी आम्ही कुठल्याही थराला जाऊ, रस्त्यात हिंदू दिसला आणि संधी असली तर मारू, फोनबुकात ‘पटेल’ नाव शोधून घरं गाठू, असा त्याचा मजकूर. पत्रावर टोळीचं नाव होतं, माणसाचं नव्हतं. असलं पत्र छापावं का, हा प्रश्न तेव्हाही निघाला, आजही निघायला हवा. एक मात्र खरं, की ते छापलं गेल्यामुळे पुढच्या घटनांना ‘पोरासोरांचं भांडण’ म्हणून मोडीत काढणं अवघड झालं.

२७ सप्टेंबर १९८७च्या रात्री जर्सी सिटीला लागूनच असलेल्या होबोकनमध्ये नवरोज मोदी या तीस वर्षांच्या तरुणाला अकराजणांच्या टोळक्याने गाठून मारलं. तो सिटीकॉर्पमध्ये मॅनेजर होता. सोबत गोरा मित्र होता, त्याला कुणी हात लावला नाही. चार दिवसांनी नवरोज गेला. तो पारशी होता. त्याच्या कपाळावर टिकली असण्याचा प्रश्नच नव्हता, घरातल्या बायकाही ती धर्म म्हणून लावत नसणार. द्वेष करणाऱ्याला समोरच्याची इतकी माहिती कधीच नसते आणि नकोही असते. कपाळावरचा ठिपका हे निमित्त होतं, खरा राग माणसाच्या असण्यावरच होता.

त्याच सुमारास डॉ. कौशल सरन यांना जर्सी सिटीच्या एका रहदारीच्या चौकात इतकं मारलं, की आठवडाभराहून अधिक काळ ते बेशुद्ध होते.

या दिवसांत अनेक बायकांनी साडी नेसून, कुंकू-टिकली लावून बाहेर पडणं सोडलं. मराठी घरात झोपताना किंवा तोंड धुताना टिकली काढली, की ती आरशाच्या कडेला चिकटवायची आणि सकाळी तिथून उचलून पुन्हा कपाळावर लावायची, ही सवय इतकी अंगवळणी पडलेली असते, की ती सवय आहे हेही लक्षात येत नाही. आधीच्या पिढ्यांत बोटाने मेण लावून त्यावर पिंजर दाबायची, तेव्हाही हात आपोआपच चालायचा. इतक्या बारीकशा गोष्टीसाठी दाराशी थांबून विचार करावा लागणं, ‘लावू की नको’ असं स्वतःला विचारावं लागणं, ही दहशतच. तिला रक्त लागत नाही, म्हणून तिची फिर्यादही होत नाही.

खटले झाले. नवरोजच्या मृत्यूबद्दल चौघे दोषी ठरले, पण मारहाणीचे. खुनाचा आरोप टिकला नाही, आणि तो भारतीय होता म्हणून त्याला मारलं का, हा मुद्दा निकालात कुठेच आला नाही. त्याच्या वडिलांनी होबोकन शहराविरुद्ध फेडरल न्यायालयात दाद मागितली, ती फेटाळली गेली. सरन यांच्यावरच्या हल्ल्यासाठी तिघांना नागरी हक्कांच्या कायद्याखाली उभं केलं गेलं, शिक्षा एकालाही झाली नाही. यातूनच प्रश्न उभा राहिला: मारणाऱ्याच्या मनात काय होतं, याला कायद्यात जागा असावी की नसावी?

तसं राज्यात काहीच नव्हतं असं नाही. क्रॉस जाळून किंवा नाझींचं स्वस्तिक रंगवून धमकावण्याविरुद्ध १९८१पासून कलमं होती. ती कृष्णवर्णीयांच्या आणि ज्यूंच्या सोसण्यातून आलेली. म्हणजे या कुळात आपल्याआधीचे पूर्वज आहेत, ते विसरता कामा नये. १९८७नंतर कोलंबिया विद्यापीठातल्या भारतीय विद्यार्थ्यांनी ‘इंडियन यूथ अगेन्स्ट रेसिझम’ नावाचा गट काढला, हल्ल्यांच्या नोंदी जमवल्या, जर्सी सिटीच्या शाळेत जाऊन मुलांशी बोलले आणि कडक कायद्यासाठी पाठपुरावा केला. १९९० साली न्यू जर्सीत ‘एथ्निक इंटिमिडेशन अ‍ॅक्ट’ आला. गुन्ह्यामागे असा द्वेष असल्याचं दिसलं, तर न्यायाधीशाला शिक्षा वाढवता येऊ लागली.

कायद्याचं पुढचं वळण भारतीयांपासून दूर, व्हाइनलँड या गावात आलं. डिसेंबर १९९४मध्ये चार्ल्स अप्रेंडी नावाच्या माणसाने एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरावर गोळ्या झाडल्या. मूळ गुन्ह्याला जास्तीत जास्त दहा वर्षं होती, न्यायाधीशाने द्वेषाचं कारण धरून बारा दिली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २६ जून २००० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल आला: कमाल शिक्षेच्या वर जायचं असेल तर द्वेषाचा हेतू ज्युरीपुढे, निःसंशय सिद्ध झाला पाहिजे, एकट्या न्यायाधीशाने तो ठरवून चालणार नाही. अमेरिकेतले कायद्याचे बहुतेक विद्यार्थी हा खटला शिकतात. राज्याला मग कायदा नव्याने लिहावा लागला. द्वेषातून घातलेली दहशत हा स्वतंत्र गुन्हा झाला आणि २सी:१६-१ हा आकडा जन्माला आला. त्यात एक पोटकलम असंही होतं, की आरोपीचा हेतू काहीही असो, आपल्याला द्वेषापोटी निवडलं असं पीडिताला रास्तपणे वाटलं, तरी गुन्हा धरता येईल.

नेमकं याच पोटकलमाने हा कायदा वेस्ट विंडसरच्या दाराशी आणून उभा केला.

सप्टेंबर २०१०. रटगर्स विद्यापीठाच्या वसतिगृहात अठरा वर्षांचे दोन मुलगे एका खोलीत राहायला आले. एक टायलर क्लेमेंटी. दुसरा धरुण रवी, वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो शाळांच्या नॉर्थ हायस्कूलमधून नुकताच बाहेर पडलेला. टायलरने एका पुरुषमित्राला खोलीवर बोलावलं असताना रवीने वेबकॅमवरून पाहिलं आणि त्याबद्दल ट्विटरवर लिहिलं, पुन्हा पाहण्याची तयारीही केली. २२ सप्टेंबरला टायलरने आपलं आयुष्य संपवलं. त्या मृत्यूचा आरोप रवीवर नव्हता. आरोप होता खासगीपणाच्या भंगाचा, पुरावे लपवण्याचा आणि ‘बायस इंटिमिडेशन’चा. १६ मार्च २०१२ रोजी न्यू ब्रन्सविकमध्ये ज्युरीने सगळ्या पंधरा आरोपांत त्याला दोषी धरलं. दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आणि भारतात परत पाठवणी, दोन्हींची टांगती तलवार होती. प्रत्यक्षात तीस दिवस तुरुंगाची शिक्षा झाली.

या भागातले भारतीय लोक तेव्हा दुभंगले. ट्रेन्टनला स्टेट हाउससमोर रवीच्या बाजूने सभा झाली. हा पोरकटपणा होता, द्वेष नव्हता, दंगेखोरांसाठी केलेला कायदा या पोरावर का, असं म्हणणारे बरेच होते. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. २०१५ साली दुसऱ्या एका खटल्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ते पोटकलम घटनाबाह्य ठरवलं, कारण पीडिताच्या मनातल्या समजावरून दुसऱ्याला गुन्हेगार ठरवता येत नाही. २०१६मध्ये रवीची सगळी दोषसिद्धी रद्द झाली आणि त्याने खासगीपणाच्या भंगाचा प्रयत्न एवढा एकच गुन्हा कबूल केला. कायद्याच्या अंगाने हे योग्यच झालं.

पण ‘पोरकटपणा’ हा शब्द घशाखाली उतरत नाही. होबोकनच्या त्या अकराजणांबद्दलही हेच म्हटलं गेलं होतं, की पोरं आहेत, मजा करत होती. दोन्ही कृत्यं एका मापाची नाहीत, त्यांना एका तराजूत घालणं अन्यायाचं होईल. तरीही आपल्या घरात आपण काय म्हणून हसतो, कुणाचं नाव घेऊन चेष्टा करतो, याचा हिशेब आपल्यालाही द्यावा लागतो. कपाळावरच्या टिकलीमुळे मार खाल्लेल्या समाजाने तरी दुसऱ्याच्या वेगळेपणाला हसण्याचा विषय करू नये. २०१२ साली हे घरातल्या घरात बोलायला हवं होतं. फार थोड्या घरांत ते बोललं गेलं.

टिकली इकडे महाराष्ट्रातही शांतपणे कपाळावर बसू शकलेली नाही. शतकानुशतकं नवरा गेला की बाईचं कुंकू दुसऱ्यांच्या हातांनी पुसलं गेलं. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव करून ही प्रथा बंद केली, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मंत्रालयात हिंदुत्ववादी नेते संभाजी भिडे यांनी एका महिला पत्रकाराला सुनावलं, की आधी टिकली लाव, मग बोलतो. महिला आयोगाने त्यांना नोटीस काढली. एकीकडे पुसायची सक्ती, दुसरीकडे लावायची सक्ती आणि जर्सी सिटीत लावलीस तर मार. तिन्ही ठिकाणी कपाळ बाईचं आणि हुकूम दुसऱ्याचा.

द्वेष सामानात भरून समुद्रापारही नेता येतो. ऑगस्ट २०२२मध्ये न्यू जर्सीतल्याच एडिसन गावी भारतीय स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत बुलडोझर आणला गेला. उत्तर प्रदेशात मुसलमानांची घरं पाडणाऱ्या यंत्राचं ते प्रतीक आहे, हे मिरवणूक पाहणाऱ्या भारतीय मुसलमान कुटुंबांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. निषेध झाला, आयोजकांनी नंतर माफी मागितली. पस्तीस वर्षांपूर्वी याच राज्यात भारतीयांनी जी भीती अनुभवली, तीच भीती आता भारतीयांनी भारतीयांना दाखवली होती. याला राजकीय मतभेद म्हणता येणार नाही.

न्यू जर्सीत द्वेषाविरुद्धच्या कायद्याला पुढे फाटेही फुटले. टायलरच्या मृत्यूनंतर जानेवारी २०११मध्ये राज्याने शाळांतल्या छळाविरुद्ध कडक कायदा केला. वेस्ट विंडसरच्या शाळांसह राज्यातल्या प्रत्येक सरकारी शाळेत आता छळाच्या तक्रारी पाहणारी नेमलेली व्यक्ती असते. आणि जानेवारी २०२२मध्ये न्यू जर्सीने आशियाई-अमेरिकन लोकांचा इतिहास शाळेत शिकवणं सक्तीचं केलं. असं करणारं इलिनॉयनंतरचं हे दुसरं राज्य.

शाळा शिकवतील तेव्हा शिकवतील. तोवर वेस्ट विंडसरच्या आई-बाबांनी एखाद्या शनिवारी मुलांना घेऊन प्रिन्स्टन जंक्शनला गाडीत बसावं. नेवार्कला पाथ पकडून जर्नल स्क्वेअरला उतरावं. या चौकाला नाव ‘जर्सी जर्नल’वरून पडलं, ते पत्र छापणाऱ्या वर्तमानपत्रावरून. १ फेब्रुवारी २०२५ला ते कायमचं बंद झालं. नेवार्क अ‍ॅव्हेन्यूवरच्या दुकानात टिकल्यांची पाकिटं टांगलेली असतात, त्यातलं एक घ्यावं आणि मुलांना नवरोज मोदी आणि कौशल सरन ही नावं सांगावीत. परतीच्या गाडीत एडिसन स्टेशन येतं, तिथे बुलडोझरची गोष्ट सांगावी. त्यानंतर न्यू ब्रन्सविक येतं. तिथे टायलर क्लेमेंटीचं नाव सांगायला विसरू नये.