खुर्दचा विनोद, बुद्रुकचा विनोद

आमच्याकडं जत्रेची सालं आकड्यांनी लक्षात राहत नाहीत, फडांनी राहतात. कुणाचं लग्न कधी झालं, विहिरीला पाणी कधी लागलं, बैल कधी विकले, हे सगळं 'ज्या साली अमक्याचा तमाशा आणला होता' या मोजपट्टीवर सांगितलं जातं. अवसरी खुर्दच्या पारावर माझ्या आबांच्या बरोबरीची म्हातारी मंडळी बसत, त्यांचा सगळा इतिहास असाच असे. १९७२चा दुष्काळ तेवढा आकड्यानिशी आठवायचा. बाकी सगळं सोंगाड्यांच्या नावावर.

जत्रेचा क्रम ठरलेला. सकाळी देवाची पूजा, मग मांडव-डहाळ्यांची वाजतगाजत मिरवणूक, दुपारी घाटात बैलगाड्यांच्या बाऱ्या, रात्री छबिना आणि छबिना उतरला की तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फडाच्या हजेऱ्या, संध्याकाळी कुस्त्यांचा आखाडा. रात्रभर नाचून-गाऊन घसा बसलेली माणसं सकाळी तोंडावर पाणी मारून पुन्हा उभी राहत. आबांचं मत असं, की फडाची खरी परीक्षा रात्री नसतेच. रात्री गॅसबत्त्यांचा उजेड आणि ढोलकीचा कडकडाट असला की कुणीही रंगतो. हजेरीला उन्हात, डोळ्यांवर झोप असलेल्या गावाला जो हसवतो, तो सोंगाड्या.

फड ठरवायला गावकारभारी नारायणगावला जात. मंचर सोडलं, कळंबपाशी घोड नदी ओलांडली की जुन्नर तालुक्यातलं हे गाव फार लांब नाही. तमाशाची पंढरी म्हणून ते महाराष्ट्रभर ओळखलं जातं. पाडव्याच्या सुमाराला तिथं हमरस्त्याच्या कडेला राहुट्या पडतात. प्रत्येक फडाची एक राहुटी, दाराशी फडमालकाचं नाव आणि नर्तकींचे फोटो लावलेला फलक, आत सतरंजी, लोड आणि एक पंचांग. सौदा त्या पंचांगावर होतो. चैत्र पौर्णिमा आणि कालाष्टमी या तिथींना पंचक्रोशीत जत्राच जत्रा, म्हणून त्या रात्रींचा भाव चढा. आडतिथीला तोच फड निम्म्यात खाली येतो. कारभारी आकडा सांगतात, मॅनेजर कपाळाला हात लावतो, चहा येतो, कारभारी उठून शेजारच्या राहुटीकडं बघतात, मॅनेजर त्यांना हाताला धरून बसवतो. मग नारळ, विसार आणि कागद. दसऱ्याला बाहेर पडलेला फड बुद्धपौर्णिमेपर्यंत असा रात्रीमागून रात्री विकला जातो. पावसाळ्याचे चार महिने कलावंत मालकाकडून घेतलेल्या उचलीवर काढतात आणि मालक सावकाराच्या कर्जावर.

नारायणगावचं हे नाव झालं ते भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडामुळं. भाऊंची मुलगी विठाबाई. १९३५ साली पंढरपुरात जन्मली, फडातच वाढली, आणि पुढं तमाशासम्राज्ञी म्हणून गाजली. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा गौरव झाला. १५ जानेवारी २००२ला ती गेली, तेव्हा दवाखान्याचा खर्च भागवायला लोकांना मदत करावी लागली होती. २००६पासून महाराष्ट्र शासन तिच्या नावानं तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. तिची एक गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. दिवस भरलेले असताना ती बोर्डावर उभी राहिली, मधेच कळा आल्या, कनातीमागं बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा येऊन नाचायला लागली. पारावरचे म्हातारे ही गोष्ट पोवाड्यासारखी सांगत. माझी थोरली आत्या ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आन् बघणाऱ्यांपैकी एकाला बी उठून घरी जावंसं वाटलं न्हाय व्हय?" सांगणारे सांगतात की त्या रात्री शेवटी लोकांनीच हात जोडून खेळ थांबवला. आत्याचं समाधान तेवढ्यानं व्हायचं नाही.

तमाशाचा इतिहास लिहिणारे याच गोष्टीपाशी थांबतात. हाल, उपेक्षा, कर्ज, अश्रू. ते खोटं नाही. पण आबांच्या पिढीला तमाशा आठवतो तो हसू म्हणून. गण झाला, गवळणीत कृष्णानं मावशीला अडवलं, की पुढं बतावणी. सोंगाड्या आणि सरदार, दोघांचाच खेळ. सरदारानं नुसतं 'बरं, मग?' म्हणत दोरी ढिली सोडायची आणि सोंगाड्यानं ती ओढायची. वग बांधलेला असतो, लावणी बांधलेली असते. बतावणीचा सांगाडा तेवढा ठरलेला, त्यावरचं मांस त्या-त्या गावचं.

ते मांस गोळा कसं व्हायचं, हे आबांनी बघितलेलं होतं. फडाचा ट्रक दुपारी गावात यायचा. बाकीची मंडळी कनात ठोकायला आणि झोपायला जात. सोंगाड्या मात्र साधा सदरा, टोपी घालून चहाच्या हॉटेलात येऊन बसायचा. बोलायचा कमी. कांद्याचा भाव काय, विहिरीवरून कोण कुणाशी भांडलंय, दाढी उधारीवर कोण करतं, वर्गणी द्यायला कुणी कुरकुर केली. न्हाव्याकडं दाढीला बसला की उरलेलं सगळं कळायचं. रात्री बोर्डावर त्या माणसाचं नाव यायचं नाही, पण त्याची चालण्याची ढब यायची, त्याच्या बैलाचं नाव यायचं, आणि सगळं गाव मान वळवून त्याच्याकडं बघायचं. तो माणूसही हसायचा. न हसून सांगतो कुणाला?

आत्यानं मात्र तमाशा उमेदीच्या वयात कधी पाहिलाच नाही, ऐकला. घरंदाज बायकांनी तमाशाला जायचं नाही, असा तो काळ. छबिना उतरला की बायका-पोरी माडीवर अंथरुणं टाकून निजल्याचं सोंग करत. वाऱ्यावर ढोलकी यायची, हलगी यायची, तुणतुण्याची तार यायची आणि बतावणीतला शब्दन् शब्द यायचा. त्यामुळं आत्याला सोंगाड्यांचे चेहरे ठाऊक नाहीत, पण आवाज ओळखता येतात. तिच्याकडून ऐकलेली ही शेजारच्या अवसरी बुद्रुकवरची बतावणी.

सरदार विचारतो, "काय रं, बुद्रुकला पाहुणचार कसा झाला?"

"लय झाक. ओसरीवर बसवलं. म्हणाले, नुसतं पाणी कसं द्यायचं पाव्हण्याला? गूळ आणाया पोरगं धाडलंय खुर्दला."

"बरं, मग?"

"मग बसलो वाट बघत. आलं की पोरगं."

"गूळ घिऊन?"

"न्हाय, बायकू घिऊन. तवर त्याचं लगीन झालं व्हतं!"

अवसरी खुर्द त्या रात्री पोट धरून हसली. पुढं आत्याचं लग्न झालं आणि ती दिली अवसरी बुद्रुकला. तिथल्या जत्रेत रात्री माडीवर कान देऊन पडली, तर तोच आवाज, तोच गूळ, तेच लगीन. पाहुणचार फक्त खुर्दला झालेला आणि पोरगं धाडलेलं बुद्रुकला. "माडीवरच्या साऱ्याजणी हसल्या," आत्या सांगते, "आन् मी दोन गावचं एकटीच हसले."

या हसण्यावर सरकारचीही नजर होती. स्वातंत्र्य मिळाल्यावर बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना मुंबई राज्यात अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली. फडांची चूल विझली तशी ओरड झाली, दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि अटी घालून तमाशा पुन्हा सुरू झाला. फलकांवर 'लोकनाट्य' हा शब्द चढला, संहिता तपासून घ्यावी लागू लागली. आता बतावणी कागदावर कशी लिहून द्यायची? जे न्हाव्याच्या दुकानात संध्याकाळी कळणार, ते पुण्या-मुंबईत महिनाभर आधी कोण तपासणार? कागदावर एक जायचं आणि बोर्डावर दुसरंच उभं राहायचं, असं आबा मिटक्या मारत सांगत.

हसवण्यावर कारकीर्द उभी राहू शकते, हे त्यानंतरच्या पिढीनं दाखवलं. सांगलीजवळच्या कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ 'काळू-बाळू' म्हणून गाजले. 'जहरी प्याला' या वगातले त्यांचे हवालदार नुसते समोर आले तरी कनात हलायची. दत्ता महाडिक पुणेकर आणि गुलाब बोरगावकर यांची जोडी आमच्या भागात देवाच्या जोडीसारखी. मावळातल्या इंदुरीच्या दादू इंदुरीकरांना 'गाढवाचं लग्न'मधल्या सावळ्या कुंभारानं शहरातल्या नाट्यगृहात नेलं, आणि १९७३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. बतावणीचा हाच हजरजबाबीपणा वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मधून दादा कोंडक्यांनी पांढरपेशा घरात नेला. १९७१ साली त्यांचा पहिला मोठा चित्रपट आला, त्याचं नावच 'सोंगाड्या'.

आमच्या गावात २००९ साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं आणि परगावच्या पोरांबरोबर गिटारी आल्या. माझा पुतण्याही त्या नादाला लागला. एका सुट्टीत तो आत्याला बीटल्स या इंग्लंडमधल्या बँडची गाणी ऐकवत होता. आत्यानं विचारलं, "गात्यात बरी. पर हसवत्यात का?"

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. बीटल्सची गाणी घडवणारा जॉर्ज मार्टिन त्यांच्याआधी विनोदी तबकड्याच काढत होता, आणि ही चार पोरं त्याला आवडली त्यात त्यांच्या चेष्टेखोरपणाचा वाटा होता. त्यांची सुरुवातही जत्रेतलीच. ६ जुलै १९५७, लिव्हरपूलचं वूल्टन हे उपनगर, तिथल्या सेंट पीटर्स चर्चची वार्षिक जत्रा. मिरवणुकीत एका ट्रकवर उभी राहून काही पोरं वाजवत चालली होती. त्यांच्यातला सोळा वर्षांचा जॉन लेनन शब्द विसरला की मनाचे घालून गात होता. बघणाऱ्यांत पंधरा वर्षांचा पॉल मॅकार्टनी होता. पुढं बीटल्समध्ये गाजलेल्या या दोघांची ओळख त्याच दिवशी झाली. विठाबाईला राष्ट्रपतींच्या हातून मान मिळाला तेही हेच साल.

फरक पुढं आहे. वूल्टनच्या त्या संध्याकाळी गर्दीतल्या कुणीतरी टेपरेकॉर्डर आणला होता. ती फीत सदतीस वर्षांनी, १९९४ साली, लंडनच्या सदबीजमध्ये लिलावाला निघाली आणि ७८,५०० पौंडांना गेली. आमच्याकडं कॅसेटी आल्या तेव्हा त्यांत वग भरले, गवळणी भरल्या. बतावणी भरली तीही कुठल्याच गावची नसलेली. ज्या रात्री खुर्दात बुद्रुकची टिंगल झाली, त्या रात्रीची फीत नाही. हलक्याफुलक्या कलेचं मोठेपण जिथल्या तिथं संपण्यात असतं आणि तिचा घातही त्यातच होतो. दुःखाला चरित्रकार मिळतो. विनोदाला आत्याच लागते.

आता बोर्डावर कीबोर्ड आणि चित्रपटातली गाणी जास्त, बतावणी थोडी. सोंगाड्याला दुपारी हॉटेलात बसायला सवड नसते. फड एका गावातून सुटून थेट दुसऱ्या गावात उतरतो. बैलगाडा शर्यतींवरच्या २०१४च्या बंदीनं घाटातल्या बाऱ्या थांबल्या त्या डिसेंबर २०२१मध्ये पुन्हा सुरू झाल्या. मधल्या २०२० आणि २०२१ या दोन सालांत करोनानं जत्राच मोडल्या. नारायणगावच्या राहुट्या ओस पडल्या, कलावंत मिळेल त्या मजुरीला गेले. तरी पाडव्याला राहुट्या पुन्हा पडतात आणि कारभारी पुन्हा पंचांगावर बोट ठेवतात.

पुतण्यानं हल्ली आत्याच्या बतावण्या मोबाइलवर घ्यायला सुरुवात केली आहे. गुळाची घेतली, विहिरीची घेतली. एक कंजूष सावकार आणि त्याच्या वजनमापांची आहे, ती मात्र आत्या सांगायला तयार नाही. साठ वर्षं उलटली, तो माणूस गेला, सोंगाड्या गेला. आता कुणाला लागणार, असं पुतण्यानं विचारलं, तर आत्या म्हणाली, "त्याचा नातू औंदा जत्रेची वर्गणी गोळा करतोय. त्यो रुसला तर तमाशा काय तुझ्या गिटारीवर आणायचा?"