अनवाणी पायांचा गारुडी

31 जुलै 1948 रोजी लंडनजवळच्या इलफर्ड येथे भारत आणि फ्रान्स यांचा ऑलिंपिक सामना झाला. स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघ या स्पर्धेत प्रथमच उतरला होता. बहुतेक खेळाडूंच्या पायांत बूट नव्हते. दोन पेनल्टी वाया गेल्या आणि भारत 1-2 असा हरला. भारताचा गोल रामन यांनी केला. त्यांच्यासमवेत आघाडीला बंगळूरचे एक एकवीस वर्षांचे तरुण खेळत होते. अहमद खान हे त्यांचे नाव.

अहमद यांच्यामागे एका शहराची परंपरा उभी होती. बंगळूर हे छावणीचे गाव. गोऱ्या पलटणींचा खेळ तेथील मुलांनी मैदानाच्या कडेला उभे राहून पाहिला आणि अनवाणी आत्मसात केला. मुंबईचा रोव्हर्स चषक 1891 पासून चालत आलेला. तो जिंकणारा पहिला भारतीय संघ 1937 साली बंगळूरहूनच आला. त्याचे नाव बंगळूर मुस्लिम्स. पुढच्या वर्षीही चषक त्याच संघाने नेला.

1949 साली अहमद कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल संघात गेले आणि दहा वर्षे तेथेच राहिले. व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद आणि सालेह हे आघाडीचे पाचही वीर दक्षिणेचे. पण बंगाली प्रेक्षकांनी त्यांना ‘पंचपांडव’ म्हणून आपलेसे केले. 1949 ते 1951 अशी सलग तीन वर्षे आय. एफ. ए. शील्ड या संघाकडे राहिले. अहमद डावीकडील आतल्या जागी खेळत. उघड्या पावलाला चेंडूचा स्पर्श कळतो, तो बळाने मारण्यापेक्षा खेळवणे सोपे जाते. हेच त्यांचे कसब होते. गारुड्याने नागाला डोलवावे तसा ते चेंडू खेळवीत, म्हणून त्यांना गारुडी म्हणत.

1951 साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला 1-0 असे हरवून सुवर्णपदक मिळविले, तेव्हा अहमद संघात होते. पण अनवाणी खेळाची मर्यादा पुढच्याच वर्षी हेलसिंकीत उघडी पडली. थंड हवामानात, बूट घातलेल्या बलाढ्य युगोस्लाव्हियाने भारतावर दहा गोल चढविले. भारताचा एकुलता गोल अगदी अखेरच्या क्षणी अहमद यांनी केला. त्यानंतर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. 1956 साली मेलबर्न येथे बूट घालून खेळलेला भारतीय संघ चौथा आला. त्या संघात अहमद नव्हते.

अनवाणी वाढलेल्या खेळाडूला ऐन भरात आपल्या पायांची सवय मोडावी लागणे, ही लहान गोष्ट नव्हे. तरीही ते 1959 पर्यंत ईस्ट बंगालसाठी खेळले. अर्जुन पुरस्कार 1961 साली सुरू झाले, तोवर त्यांची क्लबातील कारकीर्द सरली होती. 27 ऑगस्ट 2017 रोजी नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

हेलसिंकीच्या नोंदीत दहा हा आकडा प्रथम डोळ्यांत भरतो. पण सामना कधीच हातचा गेला असता शेवटपर्यंत चेंडूमागे धावणारा खेळाडू त्या दहाच्या शेजारच्या एकात आहे. अहमद खान यांच्या दीर्घ कारकिर्दीचे मोल मोजायचे, तर ते त्या एकाने मोजावे.