सरपणापासून मजुरीपर्यंत

विद्यार्थ्यांनी समाजसेवा करावी, असे सांगणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतून, धर्मग्रामांच्या युवक मेळाव्यांतून आणि आम्हां धर्मगुरूंच्या प्रवचनांतून हा उपदेश दरवर्षी होत असतो. परंतु ती सेवा कशी करावी, आणि नाताळच्या खाऊवाटपापलीकडे ती कोठवर जाऊ शकते, याविषयी आपण फारसे बोलत नाही. या प्रश्नाचे उत्तर उपदेशापेक्षा इतिहासात शोधणे आम्हांस अधिक श्रेयस्कर वाटते. आपण राहतो त्या विदर्भभूमीत विद्यार्थिसेवेचा एक मोलाचा इतिहास घडला आहे, आणि ख्रिस्तसभेच्या परंपरेतील एका विद्यार्थ्याच्या चरित्राशी त्याचे विलक्षण साम्य आहे.

तो विद्यार्थी म्हणजे फ्रेडरिक ओझानाम. १८३२ साली पॅरिस शहरात पटकीच्या साथीने हजारो माणसे दगावली. ओझानाम तेव्हा तेथे कायद्याचे शिक्षण घेत होता. विद्यार्थ्यांच्या एका चर्चामंडळात तो ख्रिस्ती धर्माची बाजू हिरिरीने मांडत असे. तुमच्या धर्माने पूर्वी थोर कार्य केले असेल, पण आज तुम्ही स्वतः काय करता, असा सवाल प्रतिपक्षाच्या तरुणांनी त्याला केला. हा सवाल त्याच्या जिव्हारी लागला. २३ एप्रिल १८३३ रोजी, आपल्या विसाव्या वाढदिवशी, त्याने मोजक्या सोबत्यांसह एक मंडळ स्थापन केले. तेच पुढे संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी म्हणून जगभर पसरले. स्वतःच्या खोलीत हिवाळ्यासाठी साठविलेले उरलेसुरले सरपण एका गरीब विधवेच्या घरी पोचविणे, ही त्यांची पहिली सेवा होती, असे सांगितले जाते. गरिबांच्या घरी कसे जावे, हे त्यांना सिस्टर रोझाली रांद्यू यांनी शिकविले.

परंतु ओझानाम सरपणापाशी थांबला नाही. गरिबांच्या खोल्यांतून वारंवार जाता-येता त्याच्या मनात एक प्रश्न उभा राहिला: दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या घरी सरपण का नसावे? १८३९-४० मध्ये लिऑन शहरात व्यापारविषयक कायदा शिकविताना त्याने कामगाराच्या न्याय्य वेतनाचा विचार मांडला. कामगाराचा निर्वाह, त्याच्या मुलांचे शिक्षण आणि त्याचे म्हातारपण यांची तरतूद त्या वेतनात असली पाहिजे, असे त्याचे प्रतिपादन होते. तेराव्या लिओ पोपमहाशयांचे कामगारांविषयीचे सुप्रसिद्ध परिपत्रक १८९१ सालचे. म्हणजे हा विचार त्याच्या अर्धशतक आधीचा होय. १९९७ साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक युवा दिनाच्या वेळी दुसरे जॉन पॉल पोपमहाशय यांनी ओझानामला 'धन्य' घोषित केले.

सरपणापासून मजुरीपर्यंतचा हाच प्रवास आपल्या प्रदेशातही घडलेला आहे. नागपुरात हिस्लॉप महाविद्यालय १८८३ साली सुरू झाले, विद्यापीठ १९२३ साली आले, आणि सेमिनरी हिल्सवरील आपले सेंट फ्रान्सिस डी सेल्स महाविद्यालय १९५६ साली स्थापन झाले. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातील ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ झाला. वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास सेवा आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर, अशी तिची रचना. रचना चांगली आहे. तथापि तास भरले आणि प्रमाणपत्र हाती आले की सेवा संपली, असे मानणारे विद्यार्थीही आपण पाहतो. तासांचा हिशेब ही सेवेची सुरुवात असू शकते. तिचे माप नव्हे.

नागपुरात शिकलेले आणि वरोड्यास वकिली केलेले बाबा आमटे यांनी हे मर्म ओळखले होते. कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभारल्यानंतर, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, त्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील मूलजवळच्या सोमनाथ येथे तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्याच्या उन्हात महाराष्ट्रातील विद्यार्थी तेथे जमत. कुदळ-फावडे घेऊन श्रमदान करावे, आणि उरलेल्या वेळात देशापुढील प्रश्नांवर चर्चा ऐकावी व करावी, असा तेथील क्रम होता. ज्यांच्या सावलीलाही समाज भीत होता, त्या कुष्ठमुक्त माणसांच्या सहवासात हे तरुण राहत. त्यांच्या हातांना फोड आले असतील, पण मनातील कितीतरी गाठी तेथेच सुटल्या असतील!

छावणीतून परतलेले सर्वच जण समाजसेवक झाले नाहीत. तशी अपेक्षाही नव्हती. परंतु काहींना परत जावेसे वाटले. बाबांचे पुत्र प्रकाश यांनी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले. भामरागडच्या अरण्यातील माडिया गोंडांची दैन्यावस्था त्यांनी तरुणपणी पाहिली होती. १९७३ च्या डिसेंबरात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ झाला, आणि शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण अर्धवट सोडून प्रकाश व त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी तेथे राहावयास गेले. वीज नव्हती, रस्ते पावसाळ्यात बंद होत, आणि माडिया भाषा आल्यावाचून रुग्णाचे दुखणे कळत नव्हते. तेव्हा आधी ती भाषा शिकावी लागली. सेवा करणाऱ्याने प्रथम शिष्य व्हावे लागते, हा हेमलकशाचा धडा होय.

दुसरा धडा डॉ. अभय बंग यांच्याकडून घ्यावा. तेही नागपूरच्याच वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. वर्ध्याजवळील कान्हापूर परिसरात शेतमजुरांमध्ये काम करताना त्यांच्या ध्यानात आले की, रुग्ण म्हणून येणाऱ्या या माणसांचे खरे दुखणे अपुरी मजुरी हे आहे. पागे समितीने मजुराला दिवसाला ४ रुपये पुरेसे मानले होते. बंग यांनी ते गणित पुन्हा मांडले. राबणाऱ्या देहाला उष्मांक किती लागतात, घरात खाणारी तोंडे किती, कपडालत्ता व इतर गरजांचे काय, हे सारे मोजून १२ रुपयांचा आकडा त्यांनी पुढे ठेवला. या अभ्यासाला मजुरांच्या संघर्षाची जोड मिळाली आणि पुढे शासनाला मजुरीचे दर वाढवावे लागले. औषधाच्या गोळीने जे साधले नसते, ते एका अचूक हिशेबाने साधले. लिऑनच्या वर्गात ओझानामने जे सांगितले, तेच वर्ध्याच्या शिवारात सिद्ध झाले. पुढे १९८६ साली अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था स्थापन केली आणि २००६ पासून 'निर्माण' या उपक्रमाद्वारे तरुणांना समाजाच्या प्रश्नांकडे वळविले.

तिसरा धडा धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाचा. जयप्रकाश नारायण यांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीत घडलेले मोहन हिराबाई हिरालाल तेथे गेले ते पुढारी म्हणून नव्हे, सहअध्यायी म्हणून. देवाजी तोफा आणि गावकऱ्यांसमवेत त्यांनी अभ्यासगट चालविला. कायदा काय सांगतो, जंगल कोणाचे, याचा अभ्यास गटात व्हावा आणि निर्णय मात्र ग्रामसभेने सर्वसहमतीने घ्यावा, अशी तेथील रीत. वनहक्क कायदा २००६ साली झाला, तेव्हा हे गाव तयारच होते. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्याला सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून गाव आपला बांबू स्वतः विकू लागले. बाहेरून आलेल्या शिकलेल्या माणसाने गावाच्या वतीने बोलावयाचे नसते; गाव स्वतः बोलेल इतके ज्ञान त्याच्या हाती द्यावयाचे असते.

हे सारे आपल्या धर्मशिकवणीशी किती जुळते! दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी जो आदेश दिला, त्याचा आशय असा: न्यायाने जे देणे लागते ते दान म्हणून देऊ नये, आणि दुःखाच्या परिणामांवर फुंकर घालून न थांबता त्याची कारणे दूर करावीत. आपल्या खाऊवाटपात व कपडेवाटपात प्रेम आहे, यात संशय नाही. पण त्या वस्तीतील मुलाची शाळा का सुटली, त्याच्या आईला शिधापत्रिका का मिळत नाही, हे न विचारता आपण घरी परतलो, तर ते प्रेम अर्ध्या वाटेवरच थांबले, असे म्हणावे लागेल.

मग आपल्या विद्यार्थ्यांनी काय करावे? आम्ही एवढेच सुचवितो की, धर्मग्रामातील पाच-सात मुलामुलींनी एक वस्ती निवडावी आणि वर्षभर तीच धरून ठेवावी. पहिले काही महिने मुलांना शिकवावे, म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यावे आणि ऐकावे. जे ऐकले ते वहीत नोंदवावे: किती घरांत शिधापत्रिका नाही, किती मुले शाळेबाहेर आहेत, नळाला पाणी किती वेळ येते. नंतर वस्तीतील लोकांसह त्या नोंदी वाचाव्यात आणि कोणता एक प्रश्न हाती घ्यावा, हे त्यांनाच ठरवू द्यावे. अर्ज लिहिण्यास मदत करावी, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा उपयोग समजावून द्यावा, आणि महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात त्यांच्यासोबत जावे. पण बोलू त्यांना द्यावे. ती वस्ती कोणत्या धर्माची, हे विचारू नये. सेवेच्या बदल्यात काहीही अपेक्षू नये, छायाचित्रदेखील नाही.

पालकांची एक शंका आम्ही वारंवार ऐकतो: याने अभ्यास बुडणार नाही का? तिचे उत्तर वरील चरित्रांतच आहे. ओझानाम पुढे सॉर्बोन विद्यापीठात प्राध्यापक झाला, आणि बंग दांपत्याचे संशोधन जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकांत छापून आले. गरिबांच्या प्रश्नाने त्यांची विद्या बुडाली नाही. तिला प्रयोजन मिळाले.

प्रभूने सांगितलेल्या दृष्टान्तातील दयाळू शोमरोनी जखमी वाटसरूला धर्मशाळेत पोचवून मोकळा झाला नाही. आणखी खर्च आला तर परत येईन तेव्हा फेडीन, असे सांगून तो गेला. तेल आणि द्राक्षारस ओतणारे हात आपल्या तरुणांपाशी आहेतच. परत येण्याचे वचन देण्याइतकी आणि ते पाळण्याइतकी चिकाटी त्यांच्या अंगी यावी, ही जबाबदारी मात्र त्यांच्या एकट्याची नाही. पालकांची, शिक्षकांची आणि आम्हां धर्मगुरूंचीही आहे.