कमजोर वादळाची गोष्ट: ह्युस्टन, जून २००१

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर.

आधी माझी एक फजिती सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका रात्री आमच्या टीमचा मुख्य सर्व्हर बसला. तसं घाबरायचं कारण नव्हतं, बॅकअप दुसऱ्या शहरात रोज नीट पडत होता. पण तो बॅकअप उघडायला जी डिजिटल किल्ली लागते, ती आम्ही ठेवली होती त्याच बसलेल्या सर्व्हरवर! एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर जुनी प्रत सापडली म्हणून वाचलो. पहाटे चहा पिताना टीम लीड म्हणाला, "जनरेटर वर आणि स्विच तळघरात. ॲलिसनबद्दल वाच कधीतरी."

तर वाचलं. ॲलिसन हे एका वादळाचं नाव आहे. आणि ते कमजोर वादळ होतं, हे आत्ताच लक्षात ठेवा.

त्याचा जन्म कुठला? मे २००१च्या अखेरीस आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून हवेची एक लाट निघाली. अटलांटिक ओलांडून, मध्य अमेरिकेवरून जाऊन ती मेक्सिकोच्या आखातात पोचली. अशा लाटा दर उन्हाळ्यात डझनांनी निघतात आणि बहुतेक विरून जातात. हिला मात्र आखाताचं गरम पाणी मिळालं. ५ जूनला तिचं वादळ झालं आणि त्याच संध्याकाळी ते टेक्सासमधल्या फ्रीपोर्टजवळ जमिनीवर आलं. वाऱ्याचा सर्वाधिक वेग होता ताशी सुमारे ९५ किलोमीटर. अमेरिकेत 'हरिकेन' म्हणवून घ्यायला ११९ लागतात. म्हणजे एक ते पाच अशी जी प्रसिद्ध श्रेणी आहे, तिच्या पहिल्या पायरीवरही हे चढलं नाही. दुसऱ्या दिवशी तर ते आणखी मंदावलं आणि त्याचा नुसता कमी दाबाचा पट्टा उरला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. जमिनीवर आलेल्या वादळाचं इंधन तुटतं, कारण त्याची ऊर्जा समुद्राच्या वाफेतून येते. वारा पडतो, बातम्यांमधून नाव जातं, लोक कामाला लागतात.

पण वादळ स्वतःहून चालत नाही. वरच्या थरातले मोठे वारे त्याला ढकलत नेतात. त्या आठवड्यात ढकलणारे वारेच जवळपास नव्हते. ॲलिसन रेंगाळत उत्तरेला लफकिन गावापर्यंत गेलं, तिथे अडकलं आणि चक्क उलटं फिरून परत ह्युस्टनकडे आलं. वारा मेला होता, पण आखातातून दमट हवेचा पुरवठा चालूच होता. शहर सपाट, पाणी वाहून नेणारे ओढे (तिथे त्यांना 'बायू' म्हणतात) आधीच्या तीन दिवसांच्या पावसाने भरलेले.

८ जून, शुक्रवारची संध्याकाळ. लोक ऑफिसमधून घरी निघालेले, कुणी नाटकाला, कुणी जेवायला. आणि पाऊस सुरू झाला. शहराच्या ईशान्य भागात १२ तासांत ७०० मिलिमीटरहून जास्त पडला. ह्युस्टन बंदरावर पाच दिवसांची बेरीज झाली सुमारे ९४० मिलिमीटर. आपल्याला हा आकडा ओळखीचा वाटेल. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. त्या दिवशी मुंबईवर चक्रीवादळ नव्हतं. पाणी वाऱ्याची वाट बघत नाही.

महामार्गांच्या खोलगट भागात ट्रक बुडाले. शहराच्या मध्यभागी उंच इमारतींना जोडणारे भुयारी रस्ते भरले. एका इमारतीत एक महिला लिफ्टने तळघरातल्या पार्किंगकडे गेली. तळघरात पाणी शिरलेलं तिला माहीत नव्हतं. ती लिफ्टमध्येच बुडाली. मला या सगळ्यातली हीच गोष्ट विसरता येत नाही. तिने काहीच वेडेपणा केला नव्हता. रोज करतो तेच केलं.

आता टीम लीडच्या वाक्याकडे येऊ. टेक्सास मेडिकल सेंटर हा जगातल्या सर्वांत मोठ्या वैद्यकीय संकुलांपैकी एक. तिथल्या इमारती तळघरांनी आणि भुयारांनी एकमेकांना जोडलेल्या. त्या रात्री पाणी त्याच वाटांनी एका इमारतीतून दुसरीत गेलं. काही ठिकाणी जनरेटर पुराच्या पातळीच्या वर, अगदी सुरक्षित होते. पण त्यांची वीज इमारतीला जोडणारे स्विच आणि पॅनेल होते तळघरात. जनरेटर शाबूत, इमारत अंधारात! मेमोरियल हर्मन रुग्णालयात व्हेंटिलेटर बंद पडले तेव्हा कर्मचाऱ्यांनी हाताने पिशव्या दाबून रुग्णांचा श्वास चालू ठेवला. लिफ्ट बंद, म्हणून रुग्णांना अंधाऱ्या जिन्यांनी उचलून खाली आणलं. जवळपास ५४० रुग्ण दुसरीकडे हलवावे लागले. संशोधन संस्थांच्या तळघरांतले हजारो प्रयोगाचे प्राणी बुडाले, आणि त्यांच्याबरोबर कित्येकांची वर्षानुवर्षांची मेहनत.

ॲलिसन मग पुन्हा समुद्रात उतरलं, ११ जूनला लुइझियानात परत जमिनीवर आलं आणि पूर्व किनाऱ्याने वर सरकत राहिलं. टेक्सासपासून दोन हजार किलोमीटर दूर पेनसिल्व्हेनियातही सात जण गेले. एकूण ४१ माणसं थेट या वादळाने मेली. ह्युस्टनच्या हॅरिस काउंटीत सुमारे ७३ हजार घरांत पाणी शिरलं.

तिथे एक प्रथा आहे. जास्त हानी करणाऱ्या वादळाचं नाव पुन्हा वापरत नाहीत. अटलांटिकमध्ये हरिकेन न होताही ज्याचं नाव कायमचं बाद झालं, असं ॲलिसन हे पहिलं वादळ. यादीत त्याच्या जागी 'आंद्रेया' आलं.

पुढे काय झालं? मेडिकल सेंटरने विजेची यंत्रणा तळघरातून वर आणली. पाणबुडीला असतात तसे जाडजूड, पाणी न शिरणारे दरवाजे बसवले. पुराचा आगाऊ इशारा देणारी यंत्रणा सुधारली. २०१७मध्ये हार्वे आलं, ॲलिसनपेक्षा कितीतरी जास्त पाणी घेऊन. शहर बुडालं, पण त्या संकुलातली बहुतेक रुग्णालयं चालू राहिली. १६ वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीचा धडा कुणीतरी लिहून ठेवला होता आणि त्यावर पैसेही खर्च केले होते.

आपल्याकडेही हवामान खातं कमी दाबाचा पट्टा, चक्रीवादळ, तीव्र चक्रीवादळ अशी वर्गवारी वाऱ्याच्या वेगावरूनच करतं. त्यात चूक काही नाही, त्याचं काम ते करतं. गडबड आपण वाचताना करतो. मोबाईलवर 'वादळाचा जोर ओसरला' असं आलं की आपण पुढचं वाचतच नाही. पुढच्या वेळी आणखी दोन ओळी वाचा: पाऊस किती सांगितलाय, आणि ते पुढे सरकतंय की एकाच जागी बसलंय. आणि पाऊस धो धो लागला असेल तर गाडी काढायला बेसमेंटमध्ये जाऊ नका. गाडीचा विमा मिळतो.

आणि हो, आमची ती किल्ली आता तीन ठिकाणी ठेवलेली असते. दर तिमाहीला ती खरंच चालते का, हेही आम्ही तपासतो.

तुमच्या सोसायटीचा विजेचा पॅनेल कुठे आहे, ते आज उतरून बघा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात.